फांगण्याची आजीबाईंची शाळा आणि माझ्या मावशीची पाटी : एक प्रकरण अभ्यास

अंगठा दिल्यावर शाई कुठे पुसायची हा प्रश्न माझ्या आजीला कधी पडलाच नाही, पदराचं आतलं टोक त्यासाठी ठरलेलं होतं. तिच्या प्रत्येक लुगड्याला त्या टोकावर एक जांभळट डाग असायचा, कितीही धुतलं तरी न जाणारा. कॉलेजात असताना एकदा मी तिच्यासोबत बँकेत गेले होते. काउंटरवरच्या माणसाने तिचा अंगठा स्वतःच धरून पॅडवर दाबला, कागदावर फिरवला, हे सगळं तिच्या तोंडाकडे एकदाही न बघता, आणि मग मला म्हणाला, साक्षीदार म्हणून तुम्ही इथे सही करा. मी केली. आजी बाजूला उभी राहून बघत होती. "केवढी भरभर करतेस गं," एवढंच म्हणाली.

आमच्या घरात तेव्हा दोन शिक्षक होते. वर्षाला शंभरेक पोरांना हे दोघं लिहा-वाचायला शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आजीच्या हातचा चहा प्यायचे. तिला शिकवावं असं एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. ती गेली तेव्हाही तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आपल्याला मिळालेल्या शिक्षणाबद्दल कृतज्ञता वगैरे आपण बोलतो ना, तेव्हा मला हे आठवतं, म्हणून हे प्रकरण नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

प्रकरण आहे फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत योगेंद्र बांगर नावाचे शिक्षक होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गावात शिवजयंती झाली, त्यात बायकांचं वाचन चाललेलं आणि म्हाताऱ्या बाया ऐकत बसलेल्या. त्यांच्यातल्या काहीजणी म्हणाल्या की आम्हालाही असं वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही सप्त्यात, कुठल्याही पारायणात ऐकू येतं, माझ्या आजीच्या तोंडून मी ते वीस वेळा तरी ऐकलं असेल. फरक एवढाच की बांगर सरांनी ते मनावर घेतलं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि ८ मार्चला, महिलादिनी, शाळा सुरू. मध्ये दिवस गेले फक्त १८. मोतीराम दलाल यांच्या नावाने चालणाऱ्या ट्रस्टची मदत मिळाली, पाट्या आल्या, दप्तरं आली, फळा आला आणि युनिफॉर्म म्हणून गुलाबी नऊवारी आली. विद्यार्थिनी तीसेक, वय साठ ते नव्वद. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातलं काम आवरल्यावर. शिकवायला गावातलीच एक सून, जिची सासूच तिच्या वर्गात बसायची.

फोटो तुम्ही पाहिले असतीलच, जगभर गेले ते. गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. लोकांनी "किती गोड" म्हणून शेअर केले आणि पुढे गेले. मला वाटतं गोड म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही, यात शिकण्यासारखं खूप आहे, फक्त थोडं थांबून बघावं लागतं.

आधी हे बघू की या बाया शाळेत गेल्याच का नाहीत. २०१६ साली सत्तर वर्षांची असलेली बाई १९४६ च्या आसपास जन्मलेली, म्हणजे तिचं शाळेचं वय १९५२ ते १९५८. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता होती ८.८६ टक्के. शंभरातल्या नऊसुद्धा नाहीत. गंमत म्हणजे कायदा होता, मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९४७ चा आहे, आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणी तर जोतीरावांनी १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे केलेली. पण कायदा कागदावर आणि शाळा दोन डोंगर पलीकडे. त्यात पोरगी म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणारी, गुरांमागे जाणारी, आणि तेरा-चौदाला लग्न. मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ झालं १९७८ मध्ये, तोवर या बायांची पोरंसुद्धा शाळेत जायला लागली होती.

म्हणजे त्यांनी शाळा "सोडली" नाही. त्यांना ती भेटलीच नाही. आणि नंतर जे हक्क आले ते त्यांच्या वयाला लागू नव्हते, २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, तो १ एप्रिल २०१० ला लागू झाला तेव्हा आमच्या आज्या साठीच्या पुढे होत्या. त्यांचा वाटा मधल्या मधे कुठेतरी राहून गेला आणि त्याबद्दल कुणी त्यांना सॉरीसुद्धा म्हटलं नाही, त्यांनी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना सकाळी उठवून, डबा भरून, वेणी घालून शाळेत पाठवलं.

आता मुद्द्याचं, फांगण्यात नेमकं काय बरोबर झालं.

प्रौढ साक्षरतेचे वर्ग आपल्याकडे नवीन नाहीत. जोतीराव-सावित्रीबाईंनी कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली १८५५ मध्ये. १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली, गावंच्या गावं साक्षर झाल्याचे समारंभ झाले. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. हे सगळं मोठं काम होतं आणि लाखो लोकांना त्याने अक्षरओळख दिली, पण एक दुखणं प्रत्येक वेळी राहिलं, ते म्हणजे वर्ग संपला, कंदील विझला, की दोन-तीन वर्षांत माणूस परत अंगठ्यावर. शिकलेलं वापरायला काही नसलं की अक्षर जातं, जसं पोहणं राहतं तसं ते राहत नाही. लहान पोराचं अक्षर टिकतं कारण त्याला पुढची दहा वर्षं रोज शाळेत बसवतात. म्हातारीला आपण सहा महिने बसवतो आणि म्हणतो झालं.

फांगण्यात वर्ग नव्हता, शाळा होती. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दप्तर, युनिफॉर्म, प्रार्थना, कविता, फळा, ठरलेली वेळ. "आजी, जरा सही शिकून घ्या, पेन्शनला लागेल" असं म्हणून बोलावलं असतं तर निम्म्या आल्या नसत्या आणि ज्या आल्या असत्या त्या सही आल्यावर थांबल्या असत्या. इथे त्यांना ते दिलं जे साठ वर्षांपूर्वी द्यायचं राहिलं होतं, सगळंच्या सगळं, दप्तरासकट. काहींना हे नाटकी वाटतं, म्हाताऱ्या बायकांना युनिफॉर्म कशाला म्हणतात. मला अजिबात तसं वाटत नाही. जिने आयुष्यभर नातवंडांची दप्तरं भरली तिच्या खांद्यावर स्वतःचं दप्तर येतं यात काय नाटकी आहे? आणि युनिफॉर्मचा एक व्यवहारी फायदाही असतो, तो घातला की घरातल्यांना कळतं की आता ही शाळेत चाललीये, हिला आता "जाता जाता एवढं कर" म्हणायचं नाही.

दुसरं, शिकवणारी घरची होती. सुनेच्या वर्गात सासू बसते आणि संध्याकाळी नातू गृहपाठ घेतो. नातवाचा विचार करा. त्याला शाळा म्हणजे रोजचा कंटाळा, त्याला कधी वाटणार आहे की हे काहीतरी मिळालंय आपल्याला? ते त्याला तेव्हा वाटतं जेव्हा आजी त्याच्याच मुळाक्षरांवर अर्धा अर्धा तास झगडते आणि एक शब्द जमला की कुणाला दाखवू कुणाला नको असं करते. भाषणाने हे होत नाही, शिक्षकदिनाच्या फुलांनी तर नाहीच होत.

आता आक्षेप. सत्तरीत शिकून उपयोग काय, हा नेहमीचा. त्याला शास्त्राचं उत्तर आहे, २०१७ मध्ये लखनौजवळच्या खेड्यातल्या निरक्षर बायकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले, तर बदल अगदी खोलवर, मेंदूच्या जुन्या भागांपर्यंत गेलेले दिसले. पण त्या बायका तिशीच्या आसपासच्या होत्या, सत्तरीतल्या नाही, त्यामुळे मी हे उत्तर फार ताणत नाही. माझं उत्तर साधं आहे, उपयोग काय हे आपण पाचवीतल्या पोराला विचारत नाही. आणि खरंच विचारायचं असेल तर त्या बाईला विचारा. बसची पाटी, गोळ्यांची पट्टी, लाइट बिल, फोनवर कुणाचं नाव आलंय, हे दिवसातून वीस वेळा दुसऱ्याला विचारावं लागणं म्हणजे काय हे आपल्याला कळूच शकत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे, विसरतात. आज शिकवलेलं उद्या जातं. डोळ्यांना दिसत नाही, कानाला कमी येतं, हात थरथरतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, कारण मी स्वतः करून बघितलंय.

माझी मावशी, आईची थोरली बहीण, वय ६७. फांगण्याबद्दल मी आधी वाचलेलं होतं, पण कामाला लागले दोन वर्षांपूर्वी, तिला आमच्याकडे राहायला आणलं तेव्हा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आता काय करायचंय शिकून, लाकडं मसणात गेली." मी म्हटलं, तुझी राहू देत, माझ्यासाठी शीक. मग बसली.

पहिली चूक मी केली ती वहीची. वहीत चुकलं की ते तिथेच राहतं, दुसऱ्या दिवशी पान उघडलं की आधी तेच दिसतं, आणि ती वही उघडेनाशी झाली. चार दिवसांनी पाटी आणली. पाटीवरचं चुकलेलं बोटाने पुसलं की गेलं, कुणाला माहीत सुद्धा नाही. तेव्हा कळलं की फांगण्यात पाट्या का. पेन्सिल ती इतकी घट्ट धरायची की पहिल्या आठवड्यात सात तुकडे झाले. विळा, खुरपं, लाटणं धरलेला हात आहे तो, त्याला हलकं धरणं माहीत नाही. पेन्सिलीला जाड चिंधी गुंडाळली तेव्हा जरा सैल झाला. आणि चष्म्याचा नंबर. तीन आठवडे मी समजत होते की तिला भ आणि म मधला फरक लक्षात राहत नाही, तिला तो दिसतच नव्हता. जवळचा चष्मा केल्यावर दोन दिवसांत दोन्ही अक्षरं वेगळी झाली. कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शिकवायला घेणार असाल तर आधी डोळे तपासून घ्या, बाकी सगळं नंतर.

क्रम मी ग म भ न वालाच ठेवला. आपल्या जुन्या मास्तरांनी हे फार विचाराने केलंय, सारख्या वळणाची अक्षरं एकत्र, म्हणजे हात एकदा वळला की तीन-चार अक्षरं एका वळणात येतात. पण नुसत्या अक्षरांना ती कंटाळली. मग सापडल्या ओव्या. तिला जात्यावरच्या ओव्या किती येतात याचा हिशोब नाही, एक सुरू केली की तासभर. आपल्याकडे अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी, त्या सगळ्या अशाच बायकांच्या तोंडच्या, ज्यातल्या कितीतरी जणींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी तिचीच ओवी मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवली. शब्द काय आहे हे तिला आधीच पाठ, फक्त तो कागदावर कुठे आहे ते शोधायचं. ती ओवी म्हणत म्हणत बोट पुढे सरकवायची, मध्येच थांबून म्हणायची, "थांब, हा माझा 'माहेर' शब्द इथं आला बघ." तेव्हा तिचं बोट खरंच 'माहेर' वर होतं. तो दिवस मी विसरणार नाही.

हिशोबात तर ती माझ्यापुढे. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट, सव्वा, पावणेदोन, अडीचकी सगळं तोंडी. तिला फक्त आकड्याचं चित्र माहीत नव्हतं. अशा बाईला आपण अडाणी म्हणतो, ती स्वतःही स्वतःला तेच म्हणते आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तिच्याकडे शिक्षण नव्हतं असं नाहीच, लिपी नव्हती.

सही यायला अडीच महिने लागले. सगळ्यांना वाटलं झालं आता, नातेवाइकांनी फोनवर अभिनंदन केलं. मी मात्र तिथे थांबू दिलं नाही, कारण जनगणनेच्या व्याख्येतसुद्धा नुसती सही येणारा माणूस साक्षर धरत नाहीत, समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. २०११ ला त्या मोजणीत महाराष्ट्रातल्या बायका साक्षर होत्या जवळपास ७६ टक्के, म्हणजे सात वर्षांपुढच्या चारातली एक बाहेरच. सध्या उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही, वरची वयाची अट नाही, शिकवणारे स्वयंसेवक. शेवटी परीक्षा १५० मार्कांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. घरातलं कुणी शिकवू शकतं, जवळच्या शाळेत विचारलं की नाव नोंदवून घेतात. मावशीला हे सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "परीक्षेला बसल्यावर बाजूला दुसरं कोण असतं?" तिला भीती नापास व्हायची नव्हती, एकटं बसायची होती. तेव्हा फांगण्याची आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली जी मी इतके दिवस बघितलीच नव्हती. तीसजणी होत्या त्या. एक विसरली तर सगळ्याच विसरलेल्या, हसून परत पहिल्यापासून. माझी मावशी एकटी माझ्यासमोर बसून विसरायची आणि मी कितीही प्रेमाने सांगितलं तरी ती मान खाली घालायची. घरात एकेकीला शिकवण्यात हे कमी पडतं. आता आमच्या बिल्डिंगमधल्या अजून दोघी यायला लागल्यात, एक ७१ ची आणि एक ५९ ची, आणि मावशी त्यांच्यापुढे जुनी विद्यार्थिनी म्हणून ताठ बसते. ७१ च्या आजींना पेन्सिलीला चिंधी तिनेच बांधून दिली.

बँकेतही जाऊन आलो, तिचं खातं अंगठ्याचं होतं ते सहीचं करायला. फॉर्मवर तीन ठिकाणी सही. मागे रांग होती, ती घाबरली, मला म्हणाली तू कर. मी हात मागे घेतला. पहिल्या सहीला दोन मिनिटं तरी गेली असतील, डोक्यावरची रेघ तिने आधी आखून घेतली आणि मग एकेक अक्षर त्या रेघेला टांगलं, आडनावातला शेवटचा काना द्यायला विसरली, लक्षात आलं, तो दिला. काउंटरवरची मुलगी थांबली. काही बोलली नाही, नुसती थांबली, आणि मागच्या माणसाने "अहो चला की" म्हटल्यावर त्याला हातानेच थांब म्हणाली. फॉर्म परत घेताना तिने सही नीट वाचली आणि मावशीला नावाने हाक मारली. मावशी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, तिने माझं नाव वाचलं गं, माझ्याच हातचं.

सध्या गाडी जोडाक्षरांवर अडलीये. प्र आणि र्प मध्ये र कधी खाली जातो आणि कधी डोक्यावर चढतो हे तिघींनाही पटत नाहीये, काल त्यावरून अर्धा तास वाद झाला आणि खरं सांगायचं तर मलाही नीट समजावता आलं नाही. मी पहिलीचं पुस्तक परत काढून बसलेय. रविवारी 'सर्प' आणि 'प्रेम' शेजारी शेजारी लिहून बघणार आहे.